एंजिन-दोषदर्शक दीप व इंधन-प्रणालीचे दोषनिदान

एंजिनाच्या कार्यात किंवा त्याच्या निष्कास वायूंच्या (जळून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या) नियंत्रणात बिघाड झाल्याचे चालकाच्या लक्षात आणून देण्यासाठी मोटारगाडीच्या दर्शक-फलकावर बसविलेल्या पिवळ्या किंवा नारिंगी दिव्याला एंजिन-दोषदर्शक दीप म्हणतात. एंजिनाची बाह्याकृती हे त्याचे चिन्ह असून चालक व कारागीर त्याचा उल्लेख सामान्यतः ‘चेक एंजिनची लाइट’ असा करतात. हा दिवा स्वतः दोष शोधीत नाही. एंजिनावर ठिकठिकाणी बसविलेल्या संवेदकांकडून (तापमान, दाब, वेग यांसारख्या राशींचे विद्युत् संदेशांत रूपांतर करणाऱ्या साधनांकडून) येणारे संदेश इलेक्ट्रॉनिक नियंत्रक पडताळून पाहतो व त्यांत विसंगती आढळल्यास तिचा ठरावीक संकेतांक स्मृतीत नोंदवून दिवा लावतो. या संकेतांकाला दोषसंकेत म्हणतात. दोषसंकेत हे लक्षण आहे, निदान नव्हे. हा भेद न ओळखल्यामुळे चांगले भाग बदलले जातात, खर्च वाढतो व मूळ दोष तसाच राहतो. पिकअप (उघड्या हौद्याची हलकी मालमोटार) हेच ज्याच्या उपजीविकेचे साधन आहे अशा मालक-चालकाच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

इतिहास : रूडोल्फ डीझेल या जर्मन अभियंत्यांनी आपल्या एंजिनाच्या पेटंटासाठी १८९२ मध्ये अर्ज केला व १८९७ मध्ये त्याची यशस्वी चाचणी झाली. जर्मनीतील बॉश या कंपनीने १९२७ मध्ये डीझेल अंतःक्षेपण पंपांचे (सिलिंडरात इंधनाचा फवारा मारणाऱ्या पंपांचे) मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केल्यावर हे एंजिन रस्त्यावरील वाहनांत सर्रास वापरणे शक्य झाले. भारतात या पंपांचे उत्पादन मोटर इंडस्ट्रीज कंपनीने (‘मायको’, स्थापना १९५१, २००८ पासून बॉश लिमिटेड) बंगलोर येथे सुरू केले व पुढे अंतःक्षेपकांचे उत्पादन नासिक येथील कारखान्यात होऊ लागले. डीझेल-पंप दुरुस्तीच्या दुकानांवर ‘मायको’ हे नाव अनेक वर्षे दिसत असे, ते यामुळेच. टाटांची ४०७ ही हलकी मालमोटार १९८६ मध्ये, टाटामोबिल ही पिकअप १९८८ मध्ये आणि दोन सिलिंडरांची ‘एस’ ही छोटी मालमोटार २००५ मध्ये बाजारात आली. या पिढीतील डीझेल एंजिनांचे पंप पूर्णतः यांत्रिक असल्याने त्यांना दोषदर्शक दीपाची गरज नव्हती. धुराचा रंग, एंजिनाचा आवाज व कारागिराचा कान हीच निदानाची साधने होती.

इंधनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण प्रथम पेट्रोल एंजिनांत १९६७ च्या सुमारास आले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या गाड्यांपासून गाडीवरील स्वयंनिदान प्रणाली (ओबीडी) आवश्यक केली. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारगाड्यांत एकाच आकाराची सोळा टोकांची जोडणी व समान दोषसंकेत आले आणि त्यामुळे एकच वाचक (‘स्कॅनर’) निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांना लावता येऊ लागला. डीझेल एंजिनांत सामाईक नळी (‘कॉमन रेल’) पद्धत १९९५ ते १९९७ या काळात व्यापारी उत्पादनात आली. भारतात भारत स्टेज-४ मानके मुंबईसह काही मोठ्या शहरांत १ एप्रिल २०१० पासून आणि सर्व देशभर १ एप्रिल २०१७ पासून लागू झाली. या मानकांच्या गाड्यांना स्वयंनिदान प्रणालीचा पहिला टप्पा २०१० पासून व दुसरा, अधिक कडक टप्पा २०१३ पासून बंधनकारक झाला. १ एप्रिल २०२० पासून सर्व देशात भारत स्टेज-६ मानके आली. परिणामी आज जुन्या म्हणून वापरात असलेल्या पिकअप गाड्यांत यांत्रिक पंपाची व इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची अशा दोन्ही पिढ्या एकत्र नांदताना दिसतात. निदानास प्रारंभ करताना गाडी कोणत्या पिढीची आहे, हे नोंदणी-प्रमाणपत्रातील उत्पादनवर्ष व मानक पाहून ठरवावे.

इंधन-प्रणालीची रचना : डीझेल गाडीत इंधन टाकीतून जाड गाळणीमार्गे भरण-पंपाकडे, तेथून पाणी वेगळे करणाऱ्या बारीक गाळणीकडे व नंतर उच्च दाबाच्या पंपाकडे जाते. जुन्या पद्धतीत या पंपापासून प्रत्येक सिलिंडरापर्यंत स्वतंत्र पोलादी नळी असते व नळीतील दाब ठरावीक मर्यादेपर्यंत वाढला की, अंतःक्षेपकातील सुई उचलली जाऊन फवारा उडतो. हा दाब पूर्वकक्ष असलेल्या एंजिनांत सु. १०० ते १५० बार व थेट अंतःक्षेपणाच्या एंजिनांत सु. २०० ते २५० बार असतो (१ बार म्हणजे स्थूलमानाने दर चौ. सेंमी.ला १ किग्रॅ.). सामाईक नळी पद्धतीत पंप सर्व सिलिंडरांसाठी एकाच जाड नळीत इंधनाचा साठा दाबाखाली ठेवतो आणि फवारा केव्हा व किती वेळ उडवावयाचा हे नियंत्रक विजेच्या साहाय्याने ठरवितो. एंजिन रिकामे फिरत असताना नळीत सु. २५० ते ३०० बार, तर पूर्ण भाराला १,४०० ते १,६०० बारपर्यंत दाब असतो. अंतःक्षेपकांतून परत येणारे जादा इंधन परतनळीने टाकीत जाते. पंपातील दट्ट्या व त्याचे वेष्टन यांमधील फट काही मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिमी.चा हजारावा भाग) एवढीच असून तिचे वंगण डीझेलच करते. म्हणून पाण्याचा थेंब किंवा धुळीचा कण या ठिकाणी मोठी हानी करतो.

पेट्रोल गाडीत टाकीतील विद्युत् पंप ३ ते ४ बार दाबाने इंधन अंतःक्षेपकांकडे पाठवितो. पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनी प्रमाणात एका भागास सु. १४·७ भाग हवा लागते. निष्कास नळीतील प्राणवायू-संवेदक उरलेल्या प्राणवायूवरून मिश्रण पातळ (कमी इंधनाचे) आहे की दाट, हे नियंत्रकास कळवितो व नियंत्रक इंधनाचे प्रमाण सतत सुधारीत राहतो. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन, कार्ब्युरेटर].

दिव्याचे वर्तन : किल्ली फिरविल्यावर, एंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा लागला पाहिजे व एंजिन सुरू झाल्यावर थोड्याच वेळात विझला पाहिजे. किल्ली फिरवूनही तो लागत नसेल, तर दिवा जळालेला आहे किंवा काढून टाकलेला आहे, असे समजावे. वापरलेली गाडी विकत घेताना ही परीक्षा प्रथम करावी. दिवा स्थिर लागून राहिल्यास दोष नोंदला गेला आहे, परंतु गाडी सावकाश चालवीत दुरुस्तीसाठी नेता येते. पेट्रोल गाडीत दिवा उघडमीट करू लागल्यास सिलिंडरात मिश्रण पेटत नसून न जळलेले इंधन निष्कास नळीतील उत्प्रेरकी परिवर्तकात (विषारी वायूंचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणाऱ्या साधनात) जाऊन जळत असते. अशा वेळी भार व वेग ताबडतोब कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी, अन्यथा परिवर्तक लाल होण्याइतका तापून निकामी होतो व आगीचाही धोका संभवतो. वंगणतेलाच्या दाबाचा लाल दिवा, इंधनातील पाणी दर्शविणारा दिवा व हीटर प्लगचा वेटोळ्याच्या आकाराचा दिवा हे वेगळे असून त्यांची गल्लत करू नये. तेलदाबाचा लाल दिवा लागल्यास एंजिन तत्काळ बंद करणे आवश्यक असते.

पुष्कळसे दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत आढळल्यावरच नियंत्रक दिवा लावतो. त्यामुळे ‘गाडी ओढत नाही’ अशी चालकाची तक्रार असूनही दिवा बंद असू शकतो. याउलट दोष दूर झाल्यावरही काही निर्दोष फेऱ्या होईपर्यंत दिवा जळत राहतो. विद्युत् घटमालेची (बॅटरीची) तार काढून दिवा घालविण्याची प्रथा आहे, परंतु तीमुळे दोषसंकेताबरोबर त्याची क्षणनोंद, म्हणजे दोष घडला त्या क्षणीचे वेग, भार, तापमान व दाब यांचे आकडे, हीदेखील पुसली जाण्याचा संभव असतो. निदानाच्या दृष्टीने ही नोंद म्हणजे हाती आलेला सर्वांत मोलाचा पुरावा होय.

प्रमुख दोषसंकेत : इंधन-प्रणालीशी संबंधित व नेहमी आढळणारे समान दोषसंकेत पुढीलप्रमाणे आहेत.

पी-००८७ : सामाईक नळीतील दाब अपेक्षेपेक्षा कमी.
पी-००८८ : सामाईक नळीतील दाब अपेक्षेपेक्षा जास्त.
पी-०१७१ : पेट्रोल एंजिनात मिश्रण पातळ.
पी-०१७२ : पेट्रोल एंजिनात मिश्रण दाट.
पी-०१९० : दाब-संवेदकाच्या विद्युत् मंडलात दोष.
पी-०२०१ ते पी-०२०४ : अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या अंतःक्षेपकाच्या विद्युत् मंडलात दोष.
पी-०३०० : अनेक सिलिंडरांत अनियमितपणे प्रज्वलन न होणे.
पी-०३३५ : भुजादंडाच्या (क्रँकशाफ्टच्या) स्थिती-संवेदकाच्या मंडलात दोष.
पी-०४०१ : निष्कास वायूंचे पुनरभिसरण अपुरे.

या यादीवरून एक गोष्ट ध्यानात येते. दोषसंकेत कोणता भाग बदलावा हे सांगत नाही. कोणती राशी मर्यादेबाहेर गेली एवढेच तो सांगतो. ‘दाब कमी’ या संकेताची कारणे गाळणीपासून अंतःक्षेपकापर्यंत कोठेही असू शकतात.

निदानाचा क्रम : प्रथम दोषसंकेत व क्षणनोंद कागदावर उतरवून घ्यावी. नंतर चालकास विचारावे : दोष थंड एंजिनात येतो की गरम, रिकाम्या गाडीत की भरलेल्या, पाऊस पडल्यावर की नव्याने इंधन भरल्यावर, व त्याआधी कोणते काम केले होते? पुष्कळ वेळा या उत्तरांतूनच शोधाची दिशा ठरते. त्यानंतर साधने न लावता डोळ्यांनी तपासणी करावी. ओल्या नळ्या, उंदरांनी कुरतडलेल्या तारा, हिरवट गंज चढलेल्या जोडण्या, सैल झालेली भू-तार (अर्थ) व हवा-गाळणीतील धूळ या गोष्टी पाहाव्यात. एंजिन सुरू करताना घटमालेचा दाब सु. ९·५ व्होल्टच्या खाली जात असेल, तर नियंत्रक नीट काम करीत नाही व एकमेकांशी संबंध नसलेले अनेक दोषसंकेत एकदम नोंदले जातात. असे आढळल्यास आधी घटमाला व तिच्या जोडण्या सुधाराव्यात व मगच पुढे जावे.

तिसरी पायरी कमी दाबाच्या बाजूची होय. गाळणीच्या तळाची चकती सैल करून काचेच्या भांड्यात थोडे डीझेल घ्यावे व स्थिर होऊ द्यावे. पाणी जड असल्याने तळाशी वेगळे दिसते. गाळणीच्या अलीकडे पारदर्शक नळी जोडल्यास हवेचे बुडबुडे दिसू शकतात. टाकी ते भरण-पंप या मार्गात दाब वातावरणापेक्षा कमी असल्याने तेथील सूक्ष्म फटीतून डीझेल बाहेर गळत नाही, तर हवा आत खेचली जाते. म्हणूनच ‘कोठेही गळती नाही, तरीही गाडीने एअर घेतली’ असा अनुभव येतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी बराच वेळ फिरविल्यावर सुरू होत असेल व नंतर दिवसभर नीट चालत असेल, तर इंधन रात्री टाकीकडे परत उतरत असल्याचा संशय घ्यावा.

चौथी पायरी उच्च दाबाची होय. वाचकावर अपेक्षित दाब व प्रत्यक्ष दाब हे आकडे एकाच वेळी पाहता येतात. उदाहरणादाखल, भरलेली गाडी चढावर चढताना अपेक्षित दाब १,३५० बार व प्रत्यक्ष दाब ९०० बार दिसला, परंतु रिकाम्या फिरण्यात दोन्ही आकडे २८० बारच्या आसपास जुळले, असे समजू. दाब-संवेदक खोटे सांगत असता, तर बहुधा कमी दाबालाही तफावत दिसली असती. येथे तफावत मागणीबरोबर वाढते, म्हणजे पुरवठा अपुरा पडत आहे किंवा दाब कोठेतरी निसटत आहे. गाळणी नवी घालून तसेच स्वच्छ डब्यातून पंपाला थेट इंधन देऊन पुन्हा तोच चढ चढावा. दाब जुळल्यास दोष टाकी, नळी किंवा गाळणी यांत आहे. तरीही न जुळल्यास अंतःक्षेपकांच्या परतनळ्या सारख्या आकाराच्या भांड्यांत सोडून ठरावीक वेळात जमणारे इंधन मोजावे. एका भांड्यात इतरांपेक्षा बरेच अधिक इंधन जमल्यास तो अंतःक्षेपक झिजलेला आहे. सर्व भांड्यांत ते सारखे व मर्यादेत असल्यास पंप किंवा त्यावरील दाब-नियंत्रक झडप यांकडे वळावे. सर्वांत महाग भाग या क्रमात शेवटी येतो, आणि तो तसाच आला पाहिजे.

दाब-संवेदकाचा संशय असल्यास एंजिन बंद ठेवून, नळीतील दाब उतरल्यावर, किल्ली चालू स्थितीत त्याची मोजणी करावी. त्याला सु. ५ व्होल्ट पुरवठा मिळाला पाहिजे व दाब नसताना तो सामान्यतः अर्ध्या व्होल्टच्या जवळपास संदेश देतो. पुरवठाच नसेल, तर दोष तारेत किंवा नियंत्रकात असून नवा संवेदक बसवून उपयोग होत नाही.

पेट्रोल गाडीत मिश्रण पातळ असल्याचा संकेत आल्यास नियंत्रकाने इंधनात केलेली टक्केवारी सुधारणा पाहावी. ती रिकाम्या फिरण्यात मोठी व वेगात अल्प असेल, तर हवा-मापकापुढे कोठेतरी जादा हवा शिरत आहे. याउलट रिकाम्या फिरण्यात ती नगण्य असून भाराखाली मोठी होत असेल, तर पंप किंवा गाळणी पुरेसे इंधन देत नाही. नैसर्गिक वायू व पेट्रोल अशा दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाडीत दुसरे इंधन लावून पाहावे. दोष नाहीसा झाल्यास तो पहिल्या इंधनाच्या मार्गात आहे व कायम राहिल्यास प्रज्वलन, संपीडन किंवा हवेच्या मार्गात आहे.

यांत्रिक पंपाच्या गाड्यांत दिवा व वाचक नसल्याने धुराकडे पाहावे लागते. काळा धूर इंधन अधिक किंवा हवा अपुरी असल्याचे, पांढरा धूर डीझेल न जळता वाफेच्या रूपाने बाहेर पडत असल्याचे (थंड एंजिन, कमी संपीडन किंवा उशिरा अंतःक्षेपण) अथवा शीतक-जल सिलिंडरात शिरल्याचे व निळसर धूर वंगणतेल जळत असल्याचे लक्षण असते.

सुरक्षितता : यांत्रिक पंपाच्या एंजिनात कोणता सिलिंडर ‘मिसिंग’ करतो हे ओळखण्यासाठी एंजिन चालू ठेवून एकेका नळीची चकती सैल करण्याची जुनी रीत आहे. सामाईक नळी पद्धतीच्या एंजिनात ही रीत कधीही वापरू नये. शेकडो बार दाबाची डीझेलची धार त्वचा भेदून आत शिरते. बाहेरून जखम टोचल्यासारखी क्षुल्लक दिसली, तरी आतील ऊती नष्ट होत असतात व त्वरित शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. अशी इजा झाल्यास वेदना नसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. गळती हाताने चाचपू नये, ती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी. एंजिन बंद केल्यावर दाब उतरण्यासाठी निर्मात्याने सांगितलेला वेळ जाऊ द्यावा. जुन्या पिढीत तयार झालेला कुशल कारागीर नव्या पिढीच्या एंजिनावर काम करताना सवयीमुळेच अपघातात सापडतो. म्हणून गॅरेजात नव्याने येणाऱ्या मुलांना ही गोष्ट आरंभीच शिकविणे आवश्यक आहे.

पालघर व बोईसर-तारापूर परिसर : १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. सातपाटीची मासळी, डहाणू-घोलवडचे चिकू, भाजीपाला, विटा व तारापूर औद्योगिक वसाहतीतील सुटा माल यांची ने-आण मोठ्या प्रमाणावर पिकअप गाड्यांनी होते. पश्चिम रेल्वेवरील पालघर व बोईसर ही स्थानके राष्ट्रीय महामार्ग क्र. ४८ पासून दूर असल्याने माल मनोर किंवा चिल्हार फाट्यापर्यंत आडरस्त्याने न्यावा लागतो. पालघर-मनोर मार्गावरील वाघोबा खिंडीच्या चढावर भरलेल्या गाडीच्या इंधनपुरवठ्याची खरी परीक्षा होते. गॅरेजात रिकामी फिरताना निर्दोष वाटणारी गाडी तेथे दम टाकते, कारण अपुऱ्या पुरवठ्याचा दोष भाराशिवाय प्रकट होत नाही. म्हणून दुरुस्तीनंतरची चाचणीही भरलेल्या गाडीने व चढावरच घेणे इष्ट होय.

या परिसरातील दोषांना येथील हवेचाही हातभार लागतो. समुद्रावरील खारी हवा विद्युत् जोडण्या व भू-तारा गंजविते. मासळीच्या गाडीत बर्फ वितळून मिठाचे पाणी हौद्यातून खाली ठिबकते व सांगाडा, इंधन-टाकी, नळ्या आणि तारांचे जुडगे यांवर साचते. अशा गाड्यांची खालची बाजू गोड्या पाण्याने वरचेवर धुणे हा सर्वांत स्वस्त प्रतिबंधक उपाय आहे. जून ते सप्टेंबर या मुसळधार पावसाच्या काळात अर्धवट भरलेल्या टाकीत बाष्पाचे संघनन होऊन पाणी साचते, झाकणाची रबरी कडी फाटली असल्यास पावसाचे पाणीही आत जाते. पाणी व डीझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून काळसर, बुळबुळीत साका तयार होतो व तो गाळणी तुंबवितो. नवी गाळणी थोड्याच दिवसांत पुन्हा तुंबत असेल, तर दोष गाळणीचा नसून टाकीचा आहे व टाकी उतरवून स्वच्छ केली पाहिजे. पावसाळ्यात संध्याकाळी टाकी भरून ठेवणे व गाळणीतील पाणी वरचेवर काढणे हितावह ठरते. पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात टप्प्याटप्प्याने आले. इथेनॉल पाणी शोषून घेते व पाणी मर्यादेबाहेर गेल्यास पाणी व इथेनॉल यांचा थर तळाशी वेगळा होतो. जुन्या गाडीतील रबरी नळ्या व कड्या या इंधनासाठी बनविलेल्या नसल्यास त्या फुगतात किंवा भेगाळतात. त्या वेळीच बदलाव्यात.

इंधनभेसळ : डीझेलात रॉकेल मिसळल्यास त्याची वंगणक्षमता घटते व पंप आणि अंतःक्षेपक लवकर झिजतात. या धंद्याचे भीषण स्वरूप महाराष्ट्राने पाहिले आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनभेसळीचा प्रकार उघडकीस आणणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. इंधन भरल्यानंतर लगेच दोष उद्भवल्यास भरणा-पावती व टाकीतील इंधनाचा नमुना जपून ठेवावा, कारण तक्रारीस त्यावाचून आधार राहत नाही.

आरोग्य व कायदा : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डीझेल एंजिनाच्या धुराचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशातील औद्योगिक क्षेत्रांत सर्वांत प्रदूषित ठरले होते. त्या प्रदूषणाचे मूळ प्रामुख्याने औद्योगिक असले, तरी अशा ठिकाणी धुराची भर घालणारी प्रत्येक गाडी कामगार-वस्तीचा भार वाढविते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार प्रदूषण-नियंत्रण प्रमाणपत्र आवश्यक असून भारत स्टेज-४ पूर्वीच्या डीझेल गाड्यांसाठी धुराच्या अपारदर्शकतेची मर्यादा ६५ व भारत स्टेज-४ च्या गाड्यांसाठी ५० हार्ट्रिज एकके अशी ठेवण्यात आली. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीस योग्यता-प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. दोषदर्शक दीप काढून टाकणे किंवा संवेदकाच्या जागी खोटा संदेश देणारा रोधक बसविणे यांसारख्या युक्त्यांनी दिवा विझतो, पण इंधनाचा जादा खर्च व धूर कायम राहतो.

मर्यादा : दोषदर्शक दीप सर्व दोष ओळखत नाही. घसरलेले संपीडन, झिजलेला क्लच, घट्ट बसलेले ब्रेक किंवा किंचित तुंबलेली गाळणी यांमुळे गाडीचा जोर कमी होतो, तरीही दिवा लागेलच असे नाही. एका दोषाचा संकेत दुसऱ्याच कारणाने येणेही शक्य असते. उदा., निष्कास पुनरभिसरण झडपेत काजळी साचल्यास एंजिन काळा धूर सोडते व संशय अंतःक्षेपकांवर घेतला जातो. म्हणून संकेत, लक्षण व मोजमाप या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय भाग बदलू नये आणि दुरुस्तीनंतर संकेत पुसून, गाडी भारासह चालवून, तो पुन्हा येत नाही याची खात्री करून घ्यावी.

१ एप्रिल २०२३ पासून भारत स्टेज-६ च्या दुसऱ्या टप्प्यात स्वयंनिदानाच्या मर्यादा आणखी कडक झाल्या व प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची चाचणीही लागू झाली. डीझेलातील गंधकाचे प्रमाण भारत स्टेज-३ मधील दर दशलक्ष भागांत ३५० भागांवरून भारत स्टेज-४ मध्ये ५० व भारत स्टेज-६ मध्ये १० भागांपर्यंत खाली आले असून हेच स्वच्छ इंधन जुन्या गाड्यांनाही मिळते. त्याचा लाभ मात्र इंधन-प्रणाली निर्दोष असलेल्या गाडीसच होतो.